फ्लोराइड, हातपंप आणि मुलांचे दात : यवतमाळ जिल्ह्यातील एका प्रश्नाच्या अभ्यासात रसायनशास्त्र, संख्याशास्त्र व बालआरोग्यज्ञानाचे उपयोजन

प्रस्तावना

तीन वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांसह यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका शाळेत पाण्याचे नमुने गोळा करण्यासाठी गेला होता. तेथील शिक्षकांनी पाच-सहा मुलांना पुढे उभे केले आणि म्हटले, "यांना कितीदा सांगितले, दात घासतच नाहीत." त्या मुलांच्या पुढच्या दातांवर पिवळट-तपकिरी आडवे पट्टे होते. त्यांतील एका मुलीने तोंडावर हात धरूनच उत्तर दिले, "रोज घासतो सर, राखुंडीनं घासतो." तिचा दीड वर्षाचा भाऊ तेव्हा आईच्या कडेवर शाळेच्या फाटकाशी होता.

त्या दिवशी आम्ही गावातील हातपंपांचे नमुने घेतले, प्रयोगशाळेत तपासले, सर्व वाचनांची सरासरी काढली आणि ती मर्यादेत आल्यामुळे 'पाणी पिण्यास योग्य' असा निष्कर्ष प्रकल्पवहीत लिहून मोकळे झालो. तो निष्कर्ष चुकीचा होता. रसायनशास्त्राच्या दृष्टीने आमचे काम बरे होते. चूक संख्याशास्त्राची आणि बालआरोग्याच्या अज्ञानाची होती. अशा चुका आपल्या महाविद्यालयांतील अनेक प्रकल्पवह्यांत दडलेल्या असाव्यात, असे वाटते. पर्यावरणशास्त्राचे प्रकल्प आपण बरीच वर्षे करवून घेत आहोत आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर क्षेत्रप्रकल्पांचीही त्यात भर पडली आहे. म्हणून बारावी-पदवी स्तरावरील ज्ञान एकाच प्रश्नावर एकत्र कसे आणावे, याचे विवेचन येथे केले आहे. प्रश्न आपल्या जिल्ह्याचाच निवडला आहे.

खडक, पाणी आणि शिजणारी डाळ

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. परंतु पूर्वेस व आग्नेयेस, म्हणजे वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या पट्ट्यात, भूगर्भ बदलतो. मुकुटबन परिसरातील चुनखडक, त्यासोबतचे शेल, वणीच्या कोळशाला आश्रय देणारे गोंडवन समूहाचे वालुकाश्म असे निरनिराळे थर तेथे आढळतात. पांढरकवडा परिसरातील भूजलात आढळणाऱ्या फ्लोराइडवर 'करंट सायन्स' या नियतकालिकात २००७ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. म्हणजे प्रश्न नवा नाही आणि अज्ञातही नाही. देशाचा विचार केला तर १९३७ मध्येच तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात या रोगाचे शास्त्रीय वर्णन झाले होते.

उघड्या विहिरीत फ्लोराइड कमी आणि खोल विंधण विहिरीत अधिक, असे अनेकदा का आढळते? पाणी खडकाच्या सहवासात जितका काळ राहते, तितके खनिज त्यात विरघळते, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. खरी गंमत कॅल्शियममध्ये आहे. कॅल्शियम फ्लोराइड हे अल्पविद्राव्य लवण असून त्याचा विद्राव्यता गुणाकार २५ अंश सेल्सिअसला सुमारे ३.५ गुणिले १० चा उणे ११ वा घात इतका आहे. पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर फ्लोराइड साधारण २.२ मिलिग्रॅमपर्यंतच विरघळलेला राहू शकतो. कॅल्शियम २० मिलिग्रॅमवर उतरले, की हीच कमाल मर्यादा ५ मिलिग्रॅमपर्यंत चढते. (आयनिक तीव्रतेची दुरुस्ती येथे सोडून दिली आहे, पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ती करू शकेल.) जमिनीखाली चिकणमातीच्या थरात कॅल्शियमच्या जागी सोडियम येत असेल किंवा बायकार्बोनेटयुक्त अल्कधर्मी पाण्यातून कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने अवक्षेपित होत असेल, तर पाणी मृदू होत जाते आणि फ्लोराइडला वाट मोकळी होते.

आता हे स्वयंपाकघरात नेऊन पाहावे. मृदू पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते, साबणाला फेस चांगला येतो, चवही बरी लागते. त्यामुळे गावातील बाया चार हातपंपांतून नेमका तोच हातपंप निवडतात, ज्यात फ्लोराइड अधिक असण्याची शक्यता आहे. ही निवड त्यांच्या दृष्टीने पूर्णतः शहाणपणाची असते. फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते. अर्थात मृदू पाणी म्हणजे फ्लोराइडयुक्त पाणी असे समीकरण मांडू नये. खडकात फ्लोराइडच नसेल तर मृदू पाणीही निर्दोष असते, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे कठीण पाण्यातही ते दीड मिलिग्रॅम ओलांडू शकते. तरीही सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत 'डाळ कोणत्या पाण्यात शिजवता?' हा एक प्रश्न आवर्जून असावा.

येथे एक जुनी आठवण नोंदवणे उचित होईल. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधण विहिरी व हातपंप मोठ्या प्रमाणावर आले. उघड्या विहिरींच्या पाण्यातून गॅस्ट्रो, पटकी, नारू पसरत. हातपंपाने त्यांना आळा बसला. हे उपकार विसरता कामा नयेत. पण पाणी जंतुमुक्त आहे की नाही हे पाहताना त्यातील खनिजांकडे पुरेसे लक्ष गेले नाही, हेही खरे.

मोजणीतील खाचखळगे

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजण्यासाठी बहुधा स्पॅडन्स पद्धती वापरली जाते. झिर्कोनियम व रंगद्रव्य यांच्या लाल संयुगातून फ्लोराइड झिर्कोनियम ओढून घेतो आणि रंग फिका होतो. ५७० नॅनोमीटरवर शोषण मोजले, की फ्लोराइड वाढत जाईल तसे वाचन कमी होते. विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात, पण त्याहून मोठा धोका दुसरा आहे. ही पद्धती सुमारे १.४ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतच विश्वसनीय आहे. त्यापुढे रंग जवळजवळ उडालेला असतो. ३ मिलिग्रॅमचे पाणी आणि ६ मिलिग्रॅमचे पाणी उपकरणाला जवळपास सारखेच दिसते. म्हणून असा नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने पाचपट वा दहापट विरल करून पुन्हा मोजलाच पाहिजे. तसे न केल्यास सर्वांत घातक हातपंपांची वाचने सर्वांत चुकीची येतात.

अल्कधर्मिता, ॲल्युमिनियम, लोह व फॉस्फेट यांचा अडथळा, क्लोरीनयुक्त नळपाण्यातील क्लोरीन काढून टाकण्याची गरज, नमुन्यासाठी पॉलिथिनची बाटली, या बाबी प्रमाणित पुस्तकांत आहेत; त्यांची पुनरुक्ती टाळतो. ज्यांच्याकडे फ्लोराइड आयननिवडक विद्युदग्र आहे त्यांनी प्रत्येक नमुन्यात व प्रमाण द्रावणात सारखेच बफर मिसळावे. आणि शक्य असल्यास नमुने उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यानंतर असे दोनदा घ्यावेत.

दात : जुनी नोंदवही

भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालावे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्यही १.५ आहे. परंतु मूल पाण्यातील प्रमाण पीत नाही, पाणी पिते. गॅलॅगन व व्हर्मिलियन यांनी १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील मुलांच्या पाणी पिण्याच्या नोंदींवरून तापमान व पाणी यांचे सूत्र दिले. कमाल तापमानाची सरासरी फॅरनहाइटमध्ये घेऊन तिला ०.००६२ ने गुणावे, त्यातून ०.०३८ वजा करावे आणि आलेल्या संख्येने ०.३४ ला भागावे. म्हणजे इष्टतम फ्लोराइड मिळते. सरासरी ३३ अंश सेल्सिअस धरली, तर उत्तर सुमारे ०.६४ मिलिग्रॅम येते. परक्या हवेतले, जुन्या काळातले सूत्र आहे, त्याला ब्रह्मवाक्य मानू नये. पण वैशाखात ४५ अंशांची झळ सोसणाऱ्या आपल्या जिल्ह्यात दीडचा आकडा म्हणजे अभयपत्र नव्हे, एवढे त्यावरून नक्कीच कळते.

बालआरोग्याच्या ज्ञानाशिवाय हा प्रश्न सुटत नाही, तो याच्या पुढच्या पायरीवर. दंत फ्लोरोसिस म्हणजे दात हिरडीतून बाहेर येण्यापूर्वी, जबड्यात एनॅमलचा थर तयार होत असताना झालेली इजा होय. वरच्या मधल्या कायम दातांसाठी सर्वाधिक नाजूक काळ साधारण सव्वा ते अडीच वर्षे वयाचा असतो. अक्कलदाढा सोडल्यास अन्य कायम दातांचे एनॅमल आठव्या वर्षापर्यंत पूर्ण होते. त्यानंतर कितीही फ्लोराइड पोटात गेला तरी दातांवर नवे पट्टे उमटत नाहीत. हाडांवर मात्र परिणाम होत राहतो.

याचा अर्थ असा, की बारा वर्षांच्या मुलाचे पुढचे दात आजच्या हातपंपाविषयी काहीच सांगत नाहीत. दहा-अकरा वर्षांपूर्वी त्याच्या घरात कोणते पाणी होते, याची ती नोंद आहे. आपल्या बहुतेक प्रकल्पांत आजचे पाणी आणि आजचे दात यांचा सहसंबंध काढला जातो व तो क्षीण आला की 'संबंध आढळला नाही' असे लिहिले जाते. मधल्या काळात नवी विंधण विहीर झालेली असते, नळयोजना आलेली असते, वा कुटुंबच वीटभट्टीवर किंवा कापूस वेचायला दुसऱ्या तालुक्यात जाऊन आलेले असते. कोलाम पोडांवर हा प्रश्न विशेष जाणवतो; मूल दोन वर्षांचे असताना पोडावर पाणी कोठून येत होते, हे आजीला विचारल्याशिवाय कळत नाही.

मातांच्या साक्षीचे मोल किती असते, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील दंतवैद्य फ्रेडरिक मॅके १९०१ पासून मुलांच्या दातांवरील तपकिरी डागांचा माग काढत होते. १९२३ मध्ये ते आयडाहोतील ओकली या गावी गेले असता, गावात नवी जलवाहिनी आल्यापासून डाग दिसू लागल्याचे पालकांनी त्यांना सांगितले. मॅके यांनी दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेण्याचा सल्ला दिला. तो मानला गेला आणि काही वर्षांनी लहान मुलांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले. कारणीभूत द्रव्य फ्लोराइड आहे, हे चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने पाण्याच्या विश्लेषणातून दाखवले ते १९३१ मध्ये, म्हणजे उपाय करून झाल्यावर. त्यानंतर ट्रेंडली डीन यांनी त्याला मोजपट्टी दिली. दंतवैद्य, रसायनज्ञ आणि आकडेमोड करणारा, तिघांपैकी एकट्याने हे काम झाले नसते.

अर्भकांविषयी एक दिलासा देणारी गोष्ट आहे. आईच्या पोटात फ्लोराइड गेला तरी स्तन्यात तो अत्यल्पच उतरतो. म्हणजे पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, या आपल्या परिचित सल्ल्याला येथे आणखी एक आधार मिळतो. वरच्या दुधाची भुकटी हातपंपाच्या पाण्यात कालवून दिली, की हे संरक्षण जाते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र जात नाही. उलट बाष्पीभवनाने त्याचे प्रमाण किंचित वाढते.

दात तपासताना विदर्भात आणखी एक पेच येतो, तो खर्र्याचा. दहावी-अकरावीच्या मुलांच्या दातांवरील खर्र्याचे डाग आणि फ्लोरोसिसचे डाग नवख्याला सारखे वाटतात. खर्र्याचे वा किटणाचे डाग बहुधा हिरडीच्या कडेला व फटींत असतात, पृष्ठभागावर बसलेले असतात आणि दंतवैद्याने साफ केल्यास निघतात. फ्लोरोसिसचे पट्टे दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे, आडवे व एनॅमलच्या आत असतात. राखुंडीने ते निघणे शक्यच नव्हते.

सरासरीची फसगत

आता आमच्या चुकीकडे वळतो. समजा, एका गावात पाच हातपंप असून त्यांत फ्लोराइड ०.४, ०.५, ०.६, ०.७ आणि ४.८ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. सरासरी १.४ येते, म्हणजे अनुज्ञेय मर्यादेच्या आत. मध्यक ०.६ येतो, म्हणजे उत्तमच. दोन्ही आकडे गणिती दृष्ट्या बिनचूक आहेत आणि पाचव्या हातपंपावर पाणी भरणाऱ्या घरांसाठी दोन्ही निरुपयोगी. सरासरी पाणी कोणीच पीत नाही. अशा वेळी प्रत्येक स्रोताचे वाचन स्वतंत्र द्यावे आणि त्यापुढे त्या स्रोतावर अवलंबून असलेली घरे व आठ वर्षांखालील मुले यांची संख्या लिहावी. हा एक तक्ता कोणत्याही सहसंबंध गुणांकापेक्षा अधिक सांगून जातो.

दातांसाठी डीन निर्देशांक वापरतात. निरोगी ०, संशयास्पद ०.५, अतिसौम्य १, सौम्य २, मध्यम ३, तीव्र ४. कल्पना करू, की १०० मुलांत अनुक्रमे ४०, २०, १६, १२, ८ आणि ४ मुले या गटांत आहेत. गुणिले करून बेरीज ९० येते, शंभराने भागले की सामुदायिक फ्लोरोसिस निर्देशांक ०.९. हा ०.६ च्या वर गेला की प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा मानतात. परंतु 'सौम्य' आणि 'मध्यम' यांतील अंतर 'अतिसौम्य' आणि 'सौम्य' यांतील अंतराइतकेच आहे, याला पुरावा नाही. क्रमवाचक श्रेणीची सरासरी ही एक सोय आहे. तेव्हा निर्देशांकासोबत मूळ वाटणीही छापावी.

परीक्षकांचे एकमत हा आणखी एक दुर्लक्षित विषय. दोन विद्यार्थ्यांनी तीच मुले स्वतंत्रपणे तपासली आणि ८० टक्के वेळा त्यांचे उत्तर जुळले, तर आपण खूश होतो. पण दोघेही ७५ टक्के मुलांना 'निरोगी' म्हणत असतील, तर डोळे मिटून तपासले तरी ६२.५ टक्के उत्तरे जुळतील. योगायोग वगळून काढलेला कप्पा गुणांक जेमतेम ०.४७ येतो. दंतवैद्यांकडून एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे आणि परीक्षकाला हातपंपाचे वाचन आधी सांगू नये; ४.८ आकडा माहीत असला की पांढऱ्या दातावरही पट्टा दिसू लागतो.

नमुन्याच्या आकाराबाबतही भ्रम आहे. चार हातपंपांवरील प्रत्येकी ५० अशी २०० मुले तपासली, की आपण २०० हा आकडा अभिमानाने लिहितो. एकाच हातपंपाची मुले मात्र परस्परांसारखी असतात. गटांतर्गत सहसंबंध केवळ ०.१ धरला तरी संकल्प परिणाम १ अधिक ४९ गुणिले ०.१, म्हणजे ५.९ होतो, २०० मुलांचे वजन सुमारे ३४ स्वतंत्र मुलांइतकेच भरते. मुले वाढवण्यापेक्षा हातपंप वाढवावेत. शिवाय शाळेच्या हजेरीपटावरून मुले निवडली, तर दिवाळीनंतर पालकांसोबत गाव सोडलेली मुले वगळली जातात, आणि ती बहुधा गावातील सर्वांत गरीब, कॅल्शियम व प्रथिने कमी मिळणारी, म्हणून फ्लोराइडची झळ अधिक लागणारी असतात.

अहवालानंतर

प्रकल्पवही जमा झाली की आपले काम संपते, हा समज येथे चालत नाही. वाचन अधिक आले तर ते प्रथम जिल्हा परिषदेच्या पाणी गुणवत्ता यंत्रणेकडून पडताळून घ्यावे आणि मग ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. वर्तमानपत्राकडे त्याआधी जाऊ नये. मुलांची नावे व छायाचित्रे कोठेही देऊ नयेत. 'फ्लोराइडचे गाव' असा शिक्का बसला, की त्या गावच्या मुलींची लग्ने जुळवताना तो आडवा येतो. तपासणीपूर्वी पालकांची संमती घ्यावी, हे सांगणे न लगे.

उपायांबाबत विज्ञानाच्या प्राध्यापकाला यंत्राचा मोह होतो. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केलेली नालगोंडा पद्धती, म्हणजे तुरटी, चुना व ब्लिचिंग पावडर, ही आपल्या मातीतली. पण तुरटीची मात्रा पाण्याच्या अल्कधर्मितेवर ठरते, ती चुकल्यास ॲल्युमिनियम पाण्यात उरते, आणि रोज गाळ काढणारा माणूस लागतो. सक्रिय ॲल्युमिनाचे गाळणे ठरावीक काळाने पुनरुज्जीवित करावे लागते; तसे न केल्यास गाळलेले पाणी आणि मूळ पाणी यांत फरक उरत नाही, मात्र लोकांचा भरवसा कायम राहतो. जेथे कमी फ्लोराइडची उघडी विहीर जवळ आहे, तेथे तिचे पाणी क्लोरीन घालून फक्त पिण्यास व स्वयंपाकास वापरणे आणि हातपंप धुण्याभांड्यासाठी ठेवणे, हा मार्ग लेखकाला अधिक भरवशाचा वाटतो.

पुढच्या वर्षी आम्ही त्या गावात पुन्हा गेलो, नमुने विरल करून मोजले आणि वाचने वेगवेगळी मांडली. एकच हातपंप मर्यादेच्या पुष्कळ वर निघाला. तो त्या मुलीच्या घरासमोरचा होता. पडताळणीनंतर त्यावर लाल रंग लावण्यात आला. ते कुटुंब आता जुन्या विहिरीचे पाणी पिते. डाळ शिजायला वेळ लागतो, अशी तिच्या आईची तक्रार आहे. शिक्षकांनी त्या मुलांना दातांवरून बोलणे सोडले. मुलीचे दात होते तसेच राहतील. तिचा भाऊ आता साडेचार वर्षांचा आहे. पुढच्या दातांचा नाजूक काळ त्याने बहुतांशी जुन्या पाण्यावरच काढला. दाढांचे एनॅमल मात्र अजून तयार होत आहे. पुढचे कायमचे दात यायला दोन-अडीच वर्षे आहेत. ते आल्यावर पुन्हा जाऊन पाहण्याचे आम्ही ठरवले आहे.